वीसची रेघ

बाईंनी माप घ्यायचा मायक्रोमीटर खिडकीच्या उजेडात धरला, चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढला आणि परीक्षेचा निकाल सांगावा तसं ठणकावून सांगितलं,

“वीस पूर्णांक अठ्ठेचाळीस!”

लेथच्या चाकावर ठेवलेला मिस्त्रींचा हात क्षणभर थांबला. मग त्यांनी मान डोलावली.

“म्हणजे अजून अर्धा मिलिमीटर काढायचा.”

“काढा की. मी कुठे अडवलंय?”

टेबलावर मावेल एवढं वाफेचं इंजिन करायचं, हे मिस्त्रींनी निवृत्तीच्या दिवशीच ठरवलं होतं. फ्लायव्हील झालं, वीस मिलिमीटर भोकाचा सिलेंडर झाला, त्यात बसणारा पिस्टन तेवढा राहिला आणि मग डोळ्यांनी दगा दिला. समोरचा माणूस ओळखू यायचा, पण बारीक रेघ म्हटली की मधोमध धुकं. वर्षभर लेथ असलेल्या मागच्या खोलीला कुलूप होतं आणि मिस्त्री घरभर नळाच्या तोट्या उगाच घट्ट करत फिरत होते. ते बघवेना, तेव्हा बाई एक दिवस म्हणाल्या, “डोळे माझे घ्या, हात तुमचे.” जन्मभर लोकांचे कपडे शिवलेल्या बाई, त्या मापाला काय घाबरणार! एक्केचाळीस वर्षांच्या संसारात त्या खोलीत त्या फक्त चहाचा कप ठेवायला गेल्या होत्या. आता तिथे त्यांच्यासाठी एक स्टूल होतं आणि त्यावर मिस्त्रींनी स्वतः घडी घालून ठेवलेली चादर. त्या स्टुलाचा बाईंना केवढा अभिमान होता, ते त्यांचं त्यांनाच ठाऊक.

लेथ फिरलं, बिडाची काळी भुकटी खाली सांडली. बाईंनी पुन्हा माप घेतलं.

“एकोणीस पूर्णांक अठ्ठ्याण्णव. अगदी हवं तेवढं!”

मिस्त्रींनी पिस्टन कापून वेगळा केला, पुसला आणि सिलेंडरमध्ये सोडला. तो सावकाश, अडत अडत उतरायला हवा होता. तो खडखडत आरपार गेला आणि त्यांच्या तळहातावर पडला.

“अहो, असं कसं झालं?”

“हात चुकला माझा,” मिस्त्री म्हणाले. “वय झालं आता. दुसरा करू. चहा टाकतेस?”

चहा पिऊन ते आडवे झाले. बाईंना मात्र चैन पडेना. टेपवर माप बरोबर आणि कपडा अंगात ढगळ, म्हणजे टेप धरणारीचं काहीतरी चुकलेलं असतं, एवढं त्यांना कळत होतं. त्या मागच्या खोलीत गेल्या आणि मोकळाच मायक्रोमीटर हातात घेऊन सावकाश फिरवू लागल्या. साडेएकोणीस गेले. पुढची वीसची रेघ आपली पाळी यायच्या आधीच बाहेर दिसू लागली, बोलावण्याआधीच दारातून डोकावणाऱ्या पाहुण्यासारखी. बाईंनी तिलाच वीस धरलं होतं आणि दर वेळी अर्धा मिलिमीटर जास्त वाचला होता. म्हणजे पिस्टन पहिल्या मापालाच बरोबर झाला होता. बाईंची कानशिलं तापली.

गप्प बसणं सोपं होतं. दोष मिस्त्रींनी आपणहून अंगावर घेतला होता. खरं सांगितलं, तर या डोळ्यांवर उद्या कोण विश्वास ठेवणार? खोलीला पुन्हा कुलूप लागेल, आणि आपण पुन्हा चहापुरत्या. पण “वय झालं आता” हे शब्द त्यांच्या मनातून जाईनात. उभ्या जन्मात न चुकलेल्या हातावर आपली चूक लादायची, हे त्यांना सोसवेना.

त्या पलंगाच्या कडेला जाऊन बसल्या.

“झोपलात?”

“नाही.”

“तुमचा हात नाही चुकला. मी चुकले. वीसची रेघ नुसती डोकावत होती, मी ती धरून चालले.”

मिस्त्री छताकडे बघतच म्हणाले,

“माहीत आहे.”

“काय माहीत आहे?”

“किती काढलं, किती राहिलं, ते हाताला कळतं.”

“मग कापलंत कशाला?”

“तू एवढ्या खात्रीनं सांगितलंस. पिस्टन काय, दुसरा होईल. तू वाईट वाटून घेऊन यायची बंद झाली असतीस, तर मी काय करणार होतो?”

बाईंचे डोळे भरून आले. आणि लगोलग त्यांना रागही आला.

“म्हणजे इतकी वर्षं माझ्या भाजीत मीठ बरोबर पडायचं, तेही असंच?”

मिस्त्री घाईघाईनं उठले आणि समोरच पडलेल्या चपला शोधू लागले.

अर्ध्या तासानं लेथवर बिडाचा नवा तुकडा चढला. थोडं कापून झालं, बाईंनी माप घेतलं.

“एकवीस पूर्णांक सेहेचाळीस.”

मिस्त्रींचा हात चाकाकडे गेला आणि थांबला. त्यांनी घसा खाकरला. एकदा बाईंकडे, एकदा लेथकडे पाहिलं.

“परत वाच,” ते म्हणाले.

“वाचते,” बाई म्हणाल्या, आणि त्यांना इतकं बरं वाटलं की चष्म्याची काच पुसल्याशिवाय रेघा दिसेनात.