सूज आली, गूळ वाटला

अभिमन पाटलाच्या घरी त्या सकाळी गूळ वाटला गेला. बाळ अजून जन्मायचं होतं! अभिमनची बायको यशोदा हिला आठवा महिना लागला होता आणि तिचं तोंड सुजलं होतं, एवढंच निमित्त. पारोळ्याजवळच्या त्या खेड्यात एकोणीसशे तीस सालच्या सुमारास बायकांची पक्की समजूत होती, की गरोदर बाईचं तोंड सुजलं म्हणजे मुलगा.

“आंडोरच व्हई, देखा!” मुलगाच होणार, असं सासू धुरपदाबाई शेजारणींना सांगत होत्या.

थोरली सून भिकुबाई चुलीपुढे भाकरी थापत होती. तिच्या अंगाचा तिळपापड झाला. सात वर्षांपूर्वी तिचंही तोंड असंच सुजलं होतं, असाच गूळ वाटला होता. मग तिला झटके आले, मूल पोटातच गेलं, आणि त्याच शेजारणी तिला वांझ म्हणू लागल्या. आता कैरी यशोदेला, नवं लुगडं यशोदेला! भिकुबाईला ते बघवत नव्हतं.

दुपारी यशोदा तिच्याजवळ येऊन बसली.

“अक्का, डोकं फुटी ऱ्हायनं वं. डोयासमोर काजवा चमकतस. तुमले बी असंच व्हयनं व्हतं का?”

अगदी असंच झालं होतं. पण भिकुबाई म्हणाली, “नही. माले काईच नही व्हयनं.”

यशोदा बिचारी समाधानाने उठली आणि दाराच्या चौकटीवर आदळली. तिला चौकट नीट दिसलीच नव्हती! भिकुबाई घाबरली. ती तशीच सुईण ताईबाईंकडे धावली.

ताईबाई धुळ्याला शिकून आलेल्या. त्यांनी घरी येऊन यशोदेचा हात पाहिला. बोटातली अंगठी निघेना.

“सूज कोनले येत नही?” धुरपदाबाई म्हणाल्या.

“पायले येस, धुरपदाबाई. शेवटला महिनामा संध्याकाये पाय सुजतस, रातभर निजं का उतरस. पन तोंड सुजनं, डोकं फुटनं, डोयासमोर अंधारी उनी, तं तो आंडोर नही, ते जीववरनं दुखनं शे! आतेच दवाखानामा लई जा.”

“बायंतपन दवाखानामा? लोके काय म्हनतीन!”

सासूपुढे कधी मोठ्याने न बोललेली भिकुबाई पुढे झाली. “मन्हं बी असंच व्हयनं व्हतं! हिनी माले इचारं, आनि मी खोटं सांगं! मन्हं पोरगं गयं. आते हिले बी जाऊ देतस का?”

अभिमनने लगेच बैलगाडी जुंपली. पारोळ्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी झटका येऊ नये म्हणून यशोदेला अंधाऱ्या खोलीत निजवून ठेवलं, औषध दिलं. झटका आला नाही. नवव्या दिवशी ती बाळंत झाली. मुलगी, हडकुळी पण खणखणीत रडणारी.

“अक्का, मंग त्या दिन तुमी नही असं का म्हन्यात?” यशोदेने विचारलं.

“जयत व्हती मी तुन्हावर,” भिकुबाईने आपला मत्सर कबूल केला.

यशोदेने तोंड फिरवून बाळाला दुपट्यात गुंडाळलं. राग आलाच होता तिला, का येऊ नये? मग ती हळूच म्हणाली, “तुमले त्या टाईमले कोनी काईच इचारं नही, नही का?”

सात वर्षांत भिकुबाई पहिल्यांदा आपल्या मुलासाठी रडली.

वाचकहो, मत्सर वाईट खराच. पण तो पेरतो कोण? सुजेला मुलगा ठरवणारे आणि मूल गेलेल्या बाईला वांझ ठरवणारे आपणच! गरोदर बाईच्या तोंडावरची सूज, डोकेदुखी, अंधारी अंगावर काढू नका. आणि मूल गमावलेल्या बाईला टोमणा मारण्याआधी एवढंच विचारा, ‘बाई, तुला काय झालं होतं?’ तिच्या उत्तराने तुमच्याच घरातली दुसरी बाई वाचेल.