छत्तीस दिवसांचं पाऊल

"सर, सगळ्यात आधी तुम्हीच बघा," म्हणत जीवनने लॅपटॉप माझ्यापुढे सरकवला. "पुढच्या महिन्यात मुंबईत प्रदर्शनात लागणार आहे."

जीवन माझा जुना विद्यार्थी. पनवेलच्या शाळेत पाचवीपासून मी त्याला चित्रकला शिकवली. आता तो कला महाविद्यालयात व्हिडिओचं काम करत होता आणि तेच दाखवायला त्याने मला घरी बोलावलं होतं.

पडद्यावर पाटावर ठेवलेलं एक म्हातारं, भेगाळलेलं पाऊल दिसलं. अंगठ्याशी बारीक जखम. खाली तारीख. रोज तोच पाट, तेच दहा सेकंद. जखम पसरत गेली. कडा पिवळ्या झाल्या, मग जांभळ्या. छत्तिसाव्या दिवशी अंगठा काळा पडला होता. ती तारीख कालची होती.

"शरीर कसं संपत जातं ते दाखवायचंय," जीवन म्हणाला.

"पाऊल कुणाचं?"

"आजीचं. मासळी विकताना शिंगाळ्याचा काटा लागला."

त्याच्या आजीला, गुणाबाईंना, मधुमेह होता हे मला ठाऊक होतं. "औषध?"

"मलम लावलं की रंग बदलतो, सर. साठ दिवस भरले की दवाखान्यात नेणारच आहे." मग मला बरं वाटावं म्हणून हसला. "केळं सडेपर्यंत रोज त्याचं चित्र काढायला लावायचात, आठवतं? हात लावायचा नाही, नुसतं बघायचं. तिथूनच सुचलं."

मी कधी कुठल्या मुलावर हात उगारला नाही. त्या दिवशी उजवा हात डाव्याने धरून ठेवावा लागला.

"ते केळं होतं, जीवन."

आतल्या खोलीत गुणाबाई पाय पसरून बसल्या होत्या.

"रिक्षा बोलावतो. दवाखान्यात चला," मी म्हणालो.

"आज नको, सर. पोराचं काम पुरं होऊ दे. चोवीसच दीस रायलेत. आमाला काय आता नाचायला जायाचं हाय?"

जीवनने कॅमेरा उचलला. "निदान आजचं तरी..."

मी कॅमेरा त्याच्या हातातून काढून फळीवर ठेवला. "आजीचा पाय उचल."

तो वाकला आणि वासाने थबकला. छत्तीस दिवस तो कॅमेऱ्याच्या तिपाईमागे होता.

"हात लाव," मी म्हणालो. वीस वर्षं मी ते केळं वर्गात ठेवलं, पण बघणं कुठे थांबवायचं हे एकाही पोराला सांगितलं नव्हतं.

रिक्षात तो पाय त्याने मांडीवर धरला होता. डॉक्टर म्हणाले, अंगठा काढावा लागेल. पावलाचं उद्या सांगू.

गुणाबाईंनी नातवाकडे पाहिलं. "मंग तुजं काम अर्दंच रायलं का रं?"

जीवनने तिचा पाय अजून धरून ठेवला होता.

"नाही," मी म्हणालो. "संपलं."