होडीचा डाव

माझे दोन भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत. बाबा गेल्यावर थोरल्याने दुकान विकलं, धाकट्याला विचारलंसुद्धा नाही, तेव्हापासून अबोला. आई अंथरुणाला खिळली तरी तेच. थोरला सकाळी येतो, धाकटा संध्याकाळी. जिन्यात गाठ पडू नये म्हणून वेळा सांभाळतात. डॉक्टरांनी आता घरीच ठेवा म्हणून सांगितलंय. आईचं मागणं एकच, "डोळे मिटायच्या आत दोघांना एकमेकांशी बोलताना ऐकू दे." मी मधली. या दोघांचे निरोप पोचवून पोचवून माझा जीव मेटाकुटीला आलाय.

मी सार्वजनिक वाचनालयात काम करते. पुस्तकांकडे कुणी फिरकेना, म्हणून आमच्या साहेबांनी शनिवारी दुपारी खेळ सुरू केले. बुद्धिबळ, सोंगट्या, पत्ते आणि एक होडीचा खेळ. हा दोघांनी मिळून खेळायचा. एकाच्या पत्त्यांनी होडी पुढे-मागे जाते, दुसऱ्याच्या पत्त्यांनी डावी-उजवीकडे. पटावर खडक आहेत, मधल्या गठ्ठ्यातून वादळं निघतात. किनारा गाठला तर दोघं जिंकले, बुडाली तर दोघं हरले. आणि डाव संपेपर्यंत तोंडातून अवाक्षर काढायचं नाही.

तो नियम वाचला आणि मला वाटलं, देव पावला.

दोघांनाही मी एकच थाप मारली, "साहेब बघायला येणार आहेत, टेबल रिकामं दिसलं तर माझं काही खरं नाही." आले बिचारे. एकमेकांना पाहून दोघांचीही तोंडं एरंडेल प्यायल्यासारखी झाली. थोरला पाठ फिरवायला लागला, तेव्हा मी म्हटलं, "इथे बोलायचं नाहीच आहे. बोललं की बाद. बसा गुपचूप." बोलायचं नाही म्हटल्यावर बसले मेले.

वर मी आणखी एक शहाणपणा केला. पिसताना वादळाचे पत्ते गठ्ठ्याच्या तळाशी सरकवले. जिंकले की हसतील, हसले की बोलतील, असं माझं गणित.

खरं तर लबाडीची गरजच नव्हती. थोरल्याने समोरच्या खडकाकडे नुसतं पाहिलं की धाकट्याचा पत्ता पडायचा. धाकटा घाईघाईत डावीकडेच वळणार हे ओळखून थोरला होडी आधीच मागे घ्यायचा. एका ताटात जेवलेली पोरं ही, एकमेकांच्या खोडी विसरतील कशी? शेजारचे बुद्धिबळवाले आपला डाव टाकून बघायला उभे राहिले. मला तर रडूच यायला लागलं. होडी किनाऱ्याला लागली तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"संपला डाव," मी म्हटलं. "आता बोला."

दोघं हसले. खरंच हसले, पण माझ्याकडे बघून. थोरल्याने पत्ते नीट जुळवून डब्यात ठेवले आणि उठला. त्याच्या किल्ल्या टेबलावरच राहिल्या. धाकट्याने त्या उचलल्या. त्याने त्या माझ्या हातात ठेवल्या.

"ताई, त्यांना सांग, किल्ल्या राहिल्या."

थोरला हाताच्या अंतरावर उभा होता. "त्याला सांग, माझ्या लक्षात होतं," तो मला म्हणाला, किल्ल्या घेतल्या आणि जिना उतरला. जिना रिकामा होईपर्यंत धाकटा एक जुनं मासिक चाळत थांबला.

खेळाचं सगळं मी आईला आधीच सांगून ठेवलं होतं; घरी ती उशीला टेकून वाटच बघत होती. शेजारणीकडून केस विंचरून घेतले होते तिने.

"खेळले?"

"खेळले."

"कोण जिंकलं?"

"दोघं. एकही वादळ आलं नाही. मीच ते पत्ते खाली लपवले होते."

"मग बोलले?"

मी तिचं पांघरूण सारखं करत बसले.

"लपवायचे नव्हतेस गं," ती म्हणाली. "बुडाले असते, तर तुझ्यामुळे बुडालो म्हणून एकमेकांवर ओरडले तरी असते."