बिनसेलचा रेडिओ

आण्णांनी सल्लेखना घेतली, अन्नपाणी सोडत देह ठेवायचं व्रत, तेव्हा सगळं गाव पाया पडायला आलं. घर भाग्याचं म्हणे! मला मात्र संताप आला होता. आधी धान्य सुटलं, मग दूध, मग ताक. राहिलं ते दिवसातून एकदा कोमट पाणी. पंखा, दिवा, मोबाईल, विजेवर नि सेलवर चालणारं सगळंच त्यांनी सोडलं, त्यात उशाचा ट्रान्झिस्टरही गेला. संध्याकाळचा शेतकऱ्यांचा कार्यक्रम त्यांनी जन्मात कधी चुकवला नव्हता.

मी कुपवाडला मोटार वाइंडिंगच्या दुकानात आहे, तार गुंडाळणं माझं रोजचंच. सेल नको, वीज नको, नुसत्या आकाशवाणी केंद्राच्या लहरींवर बोलणारा रेडिओ असतो, हे मला ठाऊक होतं. उरलेली तांब्याची तार गोळ्यांच्या रिकाम्या डबीवर गुंडाळली. आण्णांच्याच ट्रान्झिस्टरमधून डायोड आणि स्टेशन लावायचा गँग काढला, कानात घालायचा इअरफोन जोडला. खिशात मावेल एवढं सगळं. एक वायर धुणं वाळत घालायच्या तारेला, दुसरी नळाला.

माझा डाव सरळ होता. माणसाला एखादी गोष्ट गोड लागली की तो जगायला बघतो.

माझा भाऊ जिनेंद्र दारातच आडवा आला. "आण्णास्नी मोहात पाडालीस व्हय गं?"

"तुला बाप जड झालाय, मला न्हाई. सरक बाजूला."

आण्णांच्या कानाशी वाकून म्हटलं, "ह्येला सेल न्हाई, लाईट न्हाई. तुमच्या नेमात बसतंय."

आवाज मुंगीएवढा. तरी हळदीचा भाव ऐकताच त्यांचं बोट चादरीवर ताल धरायला लागलं. "औंदा हळद लय चांगली हाय की गं," म्हणाले. किती दिवसांनी बोलले! मी स्वयंपाकघरात जाऊन पोटभर रडले आणि दुधाला विरजण लावलं. उद्या ताक मागतील, असं वाटलं.

ताक मागितलं नाही, पण रोज दुपार कलली की त्यांचा हात उशाशी डबी शोधायचा. मी जिनेंद्रला टोमणे मारत घरभर फिरत होते.

मग एका संध्याकाळी, कार्यक्रम नुकताच सुरू झालेला, आण्णांनी इअरफोन काढून माझ्या हातावर ठेवला. पाण्याचं भांडंही बाजूला सारलं.

"आण्णा, पाणी?"

"सुटलं." एकेका शब्दाला दम घेत ते बोलले. "सगळं सुटलं हुतं, ब्राह्मी. तू ह्यो दिलास अन् मला सांजची ओढ लागली. पाणी पितोय ते बी उद्याचं ऐकाय मिळावं म्हणून, आसं ध्यानात आलं. मग दोनी संगटच सोडली."

पाण्यावर ते अजून बरेच दिवस राहिले असते.

इअरफोन माझ्या मुठीत बारीक आवाजात बोलतच होता. त्याला बंद करायचं बटण मी बसवलं नव्हतं. मी नळाची वायर उपटून टाकली.

आण्णांनी हात जोडले, पोटच्या पोरीपुढं. जाण्याआधी सगळ्यांची क्षमा मागायची, हाही नेमच. "क्षमा कर, बाय."

मी केली नाही. केली असती, तर ते मोकळे झाले असते.