तिसऱ्यांदा मॅट्रिक

गैबी नदाफाच्या घरात मॅट्रिकचं नाव पहिल्यांदा निघालं, तेव्हा त्याच्या पोराला, निसारला मिसरूडही फुटलं नव्हतं. आता त्याचं लग्न झालं होतं, सलमा नांदायला आली होती, आणि मॅट्रिक अजून तिथंच होती.

गैबी पेठ वडगावचा पिंजारी. दारोदार गाद्या-उशांचा कापूस पिंजत फिरायचा. त्या कापसानं त्याची छाती भरून गेली होती. चार शब्द बोलला की खोकल्याची ढास लागायची. कोल्हापूरच्या महाराजांनी दरबारच्या नोकऱ्यांत मागासलेल्या लोकांसाठी निम्म्या जागा ठेवल्याची बातमी वडगावच्या बाजारात आली, तेव्हाच त्यानं मनाशी धरलं की आपल्या पोरानं पिंजण हातात घ्यायचं नाही. पुढं कोल्हापुरात मुसलमान मुलांसाठी बोर्डिंग निघालं, तसं त्यानं निसारला तिथं आणून सोडलं.

जागा होत्या, पण त्या जागेवर बसायला मॅट्रिक लागायची. गैबीच्या मनात होतं तसं वकील व्हायचं तर कॉलेज करायला हवं, आणि कॉलेजच्या दारात पुन्हा मॅट्रिकच उभी. साऱ्या मुंबई इलाख्यातली पोरं एकाच प्रश्नपत्रिकेला बसत. एक विषय गेला की सगळे विषय पुन्हा. पहिल्या वर्षी निसारचं इंग्रजी गेलं. दुसऱ्या वर्षी इंग्रजी सुटलं, तर भूमिती आडवी आली.

तिसऱ्या वर्षी अभ्यासाला बसताना त्याच्या लक्षात आलं, की आपल्याला काही येत नाही असं नाही, आपल्याला आता काही वाटतच नाही. तीच फारसीची पानं, तेच इंग्रज राजे, तेच त्रिकोण. त्याच्या वर्गातला कृष्णात, बिद्रीकडच्या शेतकऱ्याचा मुलगा, एकदा नापास झालेला, तावातावानं पाठांतर करायचा. निसार नुसता ओठ हलवायचा. सुट्टीला घरी गेला की अम्मा चाँदबी त्याच्या ताटात जास्तीचं कालवण वाढायची, शेजारीपाजारी "काय वकीलसाहेब" म्हणायचे, आणि सलमा काहीच विचारायची नाही. ते न विचारणं त्याला सगळ्यांत जड जायचं.

दिवाळी आटोपल्यावर निसार आणि कृष्णात परीक्षेला पुण्याच्या केंद्रावर गेले. इंग्रजी बरं गेलं, फारसी चांगली गेली. भूमितीचा पेपर दुपारचा होता. निसारनं पहिला प्रश्न सोडवला, दुसऱ्याची आकृती काढली, आणि आकृतीकडं बघता बघता त्याचे डोळे मिटले. घोरत नव्हता, डोकं टेकलं नव्हतं. टाक हातात धरून बसल्या जागी झोपला. पहाऱ्यावरच्या मास्तरांना वाटलं, पोरगा विचार करतोय. त्यांनी खांद्याला हात लावला तेव्हा बाकीचे उत्तरपत्रिका बांधत होते.

निसारला धक्का बसायला हवा होता. पण त्याला एवढंच वाटलं, की फार दिवसांनी चांगली झोप लागली. मग त्या वाटण्याचीच त्याला भीती वाटली.

निकाल आला. कृष्णात पास झाला. निसारचं नाव कुठंच नव्हतं. बोर्डिंगचे सुपरिंटेंडेंट भले गृहस्थ होते. त्यांनी गैबीला वडगावहून बोलावून घेतलं आणि पुष्कळ समजावलं, की मुलगा हुशार आहे, एकच विषय राहतोय, आणखी एक वर्ष ठेवा, मी फी माफ करून घेतो. गैबी मान डोलवत राहिला. बाहेर व्हरांड्यात आल्यावर त्यानं पोराला विचारलं, त्या भूमितीत एवढं काय अवघड असतं.

"अवघड न्हवतं अब्बा. मला झोप लागली."

गैबीला ढास लागली. ती थांबेपर्यंत तो खांबाला धरून उभा राहिला.

"कधीपास्नं दमलाईस?"

"दुसऱ्या खेपंपास्नं."

"मग सांगायचं न्हाईस व्हय?"

"कुणाला सांगू? तुमी खोकत खोकत पिंजताय, आन् मी बसून दमलो म्हणू?"

गैबी खालीच बसला. आवारात खेळणाऱ्या पोरांकडं बघू लागला. निसारला वाटलं, आता बाप ओरडेल. ओरडला असता तर त्याला सोपं गेलं असतं.

"दमणं ते दमणंच की," गैबी म्हणाला. "बास झालं आता."

पण त्याच्या आवाजात सुटका नव्हती. इतकी वर्षं उराशी धरलेलं काहीतरी तो खाली ठेवत होता, हे निसारला दिसलं. मग गैबी उठला, परत आत गेला, आणि मॅट्रिकशिवाय काय मिळतं ते सांगा, असं त्यानं साहेबांना सरळच विचारलं. साहेब नाराज झाले. तरी त्यांनी चौकशी केली. कुरुंदवाडच्या वाटेवरच्या एका खेड्यात शाळेला मास्तर हवा होता. दरबारात खुर्ची नाही, वकिली नाही. एका खोलीत बसून मुळाक्षरं शिकवायची. निसार हो म्हणाला. आनंद झाला नाही, पण ओझं खांद्यावरून उतरल्यावर खांदा जसा दुखत राहतो, तसं काहीसं झालं. सलमानं ऐकलं आणि त्या गावाला पाण्याची सोय कशी आहे, एवढं विचारलं.

कृष्णात कॉलेजात नाव घालून आला, तो एका संध्याकाळी निसारला भेटायला वडगावात उतरला. निसारला वाटलं होतं, तो उड्या मारत येईल. त्याचे डोळे खोल गेले होते. चहा पिऊन झाल्यावर दोघं ओट्यावर बसले.

"पुढच्या वर्षी पुन्हा परीक्षा हाय," कृष्णात म्हणाला. "तिच्या फुडं आणि एक. घरात समद्यांनी मला आत्ताच मामलेदार करून टाकलंय."

निसारनं त्याला आज मुक्काम कर म्हणून सांगितलं. कृष्णात हो म्हणाला, आणि बरोबर आणलेलं पुस्तकांचं गाठोडं त्यानं नजरेला पडणार नाही असं दाराआड सरकवून ठेवलं.