छगनचं 'हां'

"काका, तुमचं नाव श्रीकांत आहे का?"

"हां," छगन म्हणाला.

त्याच्या मुलाला, धर्मेंद्रला, फिसकन हसू आलं. वाचा गेलेल्यांना बोलायला शिकवणाऱ्या मानसी मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी खुर्ची जरा पुढे ओढली.

"तुम्ही बाई आहात का?"

"हां."

"आपण आत्ता बारडोलीत बसलोय का?"

"हां," सुरतेतल्या त्या दवाखान्यात बसून छगनने ठणकावून सांगितलं. आणि आपलं काहीतरी चुकतंय हे कळल्यासारखा तो बायकोकडे बघू लागला.

धर्मेंद्रचं हसू कुठल्या कुठे पळालं. धुरपदाबाईच्या मनात आलं, अरे देवा, म्हणजे तीन महिने हा माणूस म्हणतोय ते 'हां' हे 'हां' नव्हतंच?

दिवाळीच्या आठ दिवस आधी छगन कापड विणायच्या खात्यात संच्यापाशीच कोसळला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. जिभेवर उरलं ते एवढंच एक अक्षर. घरच्यांना तेही खूप वाटलं. मिशी काढू का? हां. सायकल शेजाऱ्याला देऊ का? हां. मग धर्मेंद्रने विचारलं, "पप्पा, गावाला रघुनाथकाकाकडे राहाल ना? इथे खोलीत किती कोंडून बसणार?" त्यालाही हां. रविवारच्या बसची सीटसुद्धा काढून झाली होती. धुरपदाबाई सुरतेतच राहणार होती, सुनेचे दिवस भरत आले होते ना! चाळीस वर्षांच्या संसारानंतर नवरा गावी पारोळ्याला आणि बायको इथे सुरतेत, लिंबायतला. पण तो स्वतःच 'हां' म्हणाला होता, मग कोण काय बोलणार?

आणि एक 'हां' असं होतं, जे धुरपदाबाईने कुणालाच सांगितलं नव्हतं.

कोसळला त्या सकाळी छगन म्हणाला होता, "मना हातले मुंग्या येई राह्यन्यात. आज खाडा करस." आणि ती फणकारली होती, "दिवाळी तोंडवर उनी आनि तुमले खाडा सुचस! नाटकं पुरे." तो गुमान डबा घेऊन गेला. पुढे दवाखान्यातून आणल्यावर घरात कुणी नाही असं बघून तिने विचारलं होतं, "तुमले मना राग येल शे का?"

"हां."

त्या दिवसापासून तिला घास गोड लागला नव्हता.

"मॅडम, पप्पांचं दिमाग गेलं का?" धर्मेंद्रने भीत भीत विचारलं.

"अजिबात नाही," मानसी मॅडम म्हणाल्या. "याला अ‍ॅफेजिया म्हणतात, वाचाघात. जीभ लुळी पडून बोलणं बोबडं होतं, तो डिसार्थ्रिया, तो वेगळा. यांची जीभ ठीक आहे. समजतंही बरंचसं. पण मनातलं 'नाही' तोंडापर्यंत येईतो 'हां' होऊन बाहेर पडतं. मानसुद्धा तशीच हलते. म्हणून यांचा होकार एवढ्यात खरा धरायचा नाही."

त्यांनी चित्रं दाखवली, बरोबरची आणि चुकीची खूण असलेली कार्डं पुढे ठेवली. छगनचा डावा हात दोन्हींवर फिरत राहिला. शेवटी त्याने कार्डं ढकलून दिली आणि डोळे पुसले. धुरपदाबाईला ते बघवेना.

ती उठून त्याच्यासमोर उभी राहिली. आवाज न काढता नुसते ओठ हलवून तिने विचारलं, "पाणी?" आणि अंगठा ओठाला लावला.

छगनने डावी मूठ वर नेली आणि हवेतली दांडी दोनदा खाली ओढली.

"हे काय?" मॅडम ताठ बसल्या.

"चालू कर," धुरपदाबाई म्हणाली. "खात्यात संच्यांचा एवढा आवाज, शेजारच्याचं बोललेलं ऐकू येत नाही. हे लूम चालवायचे, मी बॉबिन भरायची. अठरा वर्षं आम्ही हातानंच बोललो. मूठ ओढली की चालू, म्हणजे हो. तळवा आडवा मारला की बंद, म्हणजे नाही."

"तोंडाचं गेलं तरी काहींचं हाताचं उरतं," मॅडम हळूच म्हणाल्या. "विचारा, अजून विचारा."

धुरपदाबाईने खांद्यावर पिशवी टाकल्यासारखं केलं, दूर बोट दाखवलं आणि ओठांनी म्हणाली, "गाव? रघुनाथकडे?"

"हां," छगनचं तोंड म्हणालं. पण डावा तळवा असा सपकन आडवा फिरला, की टेबलावरची कार्डं खाली पडली. परत फिरला. परत.

"पप्पा, मग आधी का नाही बो..." धर्मेंद्रने जीभ चावली. कार्डं उचलायला म्हणून तो वाकला, तो बराच वेळ वर आलाच नाही.

घरी पोचल्यावर तो सीट रद्द करायला गेला. सून पलीकडच्या खोलीत आडवी झाली होती. धुरपदाबाईने चहा केला, छगनची बशी भरली आणि समोर बसली. ते जुनं 'हां'ही खोटंच निघेल, या आशेने ती मॅडमकडून घरी आली होती. नाही विचारलं तर ती आशा तरी राहील, असं एकदा मनात आलं. पण तिने विचारलं. स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं आणि ओठ हलवले. राग? मना?

छगनने तिच्याकडे बघितलं. मग मूठ वर गेली आणि दांडी दोनदा खाली आली.

तिचा विश्वास बसेना. मॅडमची युक्ती आठवून तिने ओठांनीच विचारलं, तुमचं नाव श्रीकांत?

तळवा आडवा फिरला. बंद.

म्हणजे राग खराच होता. धुरपदाबाईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. चुकलंच होतं तिचं, आणि त्याने ते तिला तोंडावर सांगितलं होतं. तीन महिन्यांत पहिल्यांदा नवरा तिच्याशी खरं बोलला होता. तिने पदराने तोंड पुसलं आणि मान हलवली. कळलं, असं.

छगनने बशी उचलली. डाव्या हाताने सांडत, फुरके मारत अर्धा चहा प्यायला. मग खात्यात चहाच्या सुट्टीत तिच्यासाठी ठेवायचा तसा उरलेला अर्धा त्याने तिच्याकडे सरकवला.