कोऱ्या पाठीचं विमान

मित्रांनो, मी एक जुनं विमान आहे. आकाश हे माझं अंगण, ढग हे माझे शेजारी आणि वारा म्हणजे तर घरचा गडी! आम्हा विमानांत असं बोलायची पद्धत आहे, म्हणून बोललो. प्रत्यक्षात मी दीड हात लांबीचा, पांगाऱ्याच्या लाकडाचा, आणि येडगावात दादाभाऊच्या घरी पत्र्याखालच्या आढ्याला तारेनं टांगलेला आहे. आयुष्यात गाठलेली सर्वांत मोठी उंची म्हणजे हे आढं. तिथंही मी उडून गेलो नाही. ज्वारीच्या कोठीवर स्टूल, स्टुलावर दादाभाऊ आणि दादाभाऊच्या डोक्यावर मी, अशा रीतीनं मला चढवण्यात आलं. त्याची बायको गजराबाई खाली स्टूल धरून उभी होती आणि "पडू नका बरं, इमान मोडंल," असा धीर देत होती.

दादाभाऊच्या बापाची मेंढरं होती. दिवाळी झाली की कळप घेऊन ती मंडळी पुण्याकडं उतरायची. कुणाच्या रानात मेंढरं बसवायची, लेंडीखताच्या बदल्यात धान्य घ्यायचं आणि पुढं निघायचं. एका साली त्यांचा मुक्काम लोहगावच्या विमानतळाच्या भिंतीलगत पडला. पोरसवदा दादाभाऊ दुपारी घोंगडीवर उताणा पडायचा. चाकं बाहेर काढलेली विमानं त्याच्या डोक्यावरून इतक्या खालून जायची की मेंढरं चारी दिशांना फाकायची. त्याच्या बापाला तेव्हा नव्यानव्या शिव्या सुचायच्या. दादाभाऊला मात्र काहीच सुचायचं नाही. तो नुसता बघत राहायचा. चाकांच्या दोन्ही बाजूंच्या झडपा, पोटावरच्या तेलाच्या काळ्या रेघा, पंखाखालचे सांधे, सगळं त्याला तोंडपाठ झालं. पण मधे भिंत होती. विमान भिंतीपलीकडं टेकलं की संपलं.

पुढं मेंढरं विकली, कालव्याचं पाणी आलं, कांदा आला. दादाभाऊ शेतकरी झाला, पण उताणाच राहिला. शेताच्या बांधावर पांगारा होता. त्याचं लाकूड इतकं हलकं की हातात घेतलं तरी घेतल्यासारखं वाटत नाही. त्याचे ओंडके आणून तो चाकू, कानस आणि पालिस पेपर घेऊन ओट्यावर बसू लागला. अशी आम्ही भावंडं जन्मलो. नव्वद सालानंतरच्या चार-सहा वर्षांत आढ्याला एवढी विमानं झाली की शेजारचा कुशाबा दारात उभा राहून म्हणायचा, "दादाभाऊ, इमानं लई झाली राव. आता पावण्यानं उतरायचं कुठं?"

आलेल्या पाहुण्याला चहाच्या आधी घोंगडी मिळायची, ती बसायला नव्हे.

"उताणं व्हा," दादाभाऊ सांगायचा. "इमान असंच बघत्यात."

मग सोयरीक जुळवायला आलेली म्हातारी माणसंही धोतर सावरत आडवी व्हायची आणि वर बघून म्हणायची, "व्हय की! झडपबी हाय की!" आमचं पोट बघून खरोखर कुणालाही चुकून सीटबेल्ट शोधावासा वाटला असता. आमच्या पाठीची गोष्ट मात्र निराळी होती.

दादाभाऊनं विमानाची पाठ कधी बघितलीच नव्हती. ज्या गोष्टीला पोट आहे तिला पाठही असणार, एवढा अंदाज त्याला होता. पहिल्या विमानाच्या पाठीवर त्यानं मेंढराच्या कण्यासारखा उंचवटा काढला. दुसऱ्याच्या वेळी त्यानं डोकं लढवलं. विमानात माणसं बसतात, माणसांबरोबर बोचकी असतात, आणि बोचकी टपावर असतात. म्हणून त्यानं एसटीसारखा टप केला, टपाला लोखंडी तारेचा कठडा केला, आणि सामान चढवायला मागं शिडी लावली.

त्याची मुलगी नंदा तेव्हा आठवीत होती. तिनं ते विमान हातात घेतलं, उलटं केलं, सुलटं केलं आणि हसता हसता तिला उचकी लागली.

"आबा, विमानाला कुठं टप असतो? सामान उडून जाईल ना!"

"दोरीनं बांधत्याली."

"पुस्तकात फोटो आहे, आबा. दाखवू?"

"फोटूचं मला सांगू नको. फोटूत तुझी बारकी मावशीबी गोरी दिसती. तू सोता बघितलंय का, वरनं?"

"नाही."

"मग?"

दादाभाऊनं पुन्हा कानस वाजवायला घेतली. मग तो म्हणाला, "आपल्या घरच्या डोळ्यानं बघितलेलं पायजे. तू शिकतीयास. एक दिस इमानात बसशील. तवा वरनं कसं असतंय ते बघ आन् मला सांग. तवर मी पाठ करायचा न्हाई."

त्यानंतर तयार झालेला मी. माझं पोट घासून, रंगवून, काजळीच्या रेघा ओढून पूर्ण झालं. पाठ कोरी राहिली. तिच्यासाठी पांढऱ्या ऑइलपेंटचा एक डबा नारायणगावच्या बाजारातून आला आणि फळीवर जाऊन बसला. पांढरा का, तर सगळ्या रंगांच्या खाली पांढरा लागतोच, असं त्याचं म्हणणं होतं. दर दिवाळीला दादाभाऊ डबा उघडायचा, वर धरलेली साय काडीनं काढायचा, रंग ढवळायचा आणि झाकण पुन्हा ठोकून बसवायचा. गजराबाई म्हणायची, "दुधालाबी कधी एवढं जपलं न्हाई ह्या माणसानं."

नंदा पुण्याला जाऊन नर्स झाली. मग कुवेतच्या एका दवाखान्यात तिला काम लागलं. निघायच्या दिवशी घरात सगळ्यांचं रडून झालं, फक्त दादाभाऊचं सांगणं संपेना.

"खिडकीपाशी बस."

"हो, आबा."

"आन् वरनं बघ."

"आबा, मी आत बसणार. आत बसल्यावर टप कसा दिसेल?"

दादाभाऊ जरा विचारात पडला. "दुसरं इमान जाईल की खालनं. एसटीला एसटी भेटती का न्हाई वाटंत? तसं."

नंदा हसली, आणि हसता हसता तिनं त्याच्या खांद्यावर डोकं ठेवलं. "बघते, आबा. नक्की बघून सांगते."

एवढं एकच वचन तिनं दिलं होतं. पैसे पाठवीन, फोन करीन, असलं काही ती बोलली नव्हती, आणि ते सगळं तिनं केलं.

गावात फोन कुशाबाच्या दुकानात होता. पहिला फोन आला तेव्हा दादाभाऊ अंगावरच्या बनियनवर पळत गेला. आल्यावर गजराबाईनं विचारलं, "जेवली का ती?"

"इचारायचं राह्यलं."

"मग काय इचारलंत एवढा येळ?"

"बघितलं का, म्हनून. ढग व्हते म्हनली. आन् रडत व्हती म्हनली, म्हनून ध्यानात न्हाई राह्यलं." तो खाली बसला. "बरं झालं. घाईघाईत बघितलेलं काय कामाचं?"

दुसऱ्या फोनला रात्रपाळी होती. तिसऱ्याला तिचं लग्न ठरत होतं. त्यानंतर तो कुशाबाच्या दुकानात जायचा, "बरी हायेस ना?" एवढं विचारायचा आणि फोन गजराबाईकडं द्यायचा. मित्रांनो, मी टांगलेलं विमान आहे. मला फोनमधलं ऐकू येत नाही. पण घरी परत आलेला माणूस आधी वर बघतो की खाली बघतो, हे मला नीट दिसतं. तो खाली बघायचा. आणि दिवाळी आली की साय काढायचा.

तीन वर्षांनी नंदा आली. जीपमधून बॅगा उतरल्या, पेढे वाटले गेले, सगळं आवार माणसांनी भरलं. तिनं आबांना खुर्चीत बसवलं आणि एक चकचकीत खोका त्यांच्या मांडीवर ठेवला.

"डोळे मिटा, आबा. हं, आता उघडा."

खोक्यात विमान होतं. प्लॅस्टिकचं, गुळगुळीत, स्टँडवर बसवलेलं. नाकापासून शेपटीपर्यंत खिडक्या, दारं, रंगाचे पट्टे. विमानतळावरच्या दुकानातून तिनं ते निवडून निवडून घेतलं होतं. आमची तर जळण्याचीच जात, मी त्याच दिवशी पेटायचा तेवढा राहिलो.

"बघा, आबा! वरून असं असतं. आता कशाला घासत बसायचं? हात कापून घेता उगीच."

दादाभाऊनं ते दोन्ही हातांनी घेतलं, आणि सवयीनं आधी उलटं केलं. त्याला पोटच नव्हतं. म्हणजे होतं, पण सपाट. झडपा नाहीत, रेघा नाहीत. एक स्क्रूचं भोक आणि थोडं बारीक इंग्रजी.

"तू बघितलंस का वरनं?" त्यानं विचारलं.

"अहो आबा, कंपनी बनवते. त्यांना माहीत असतंच की."

"व्हय, व्हय." त्यानं मान हलवली. "त्यांना म्हाईत आसनार. लई झकास हाय."

त्याच्या आवाजात काडीचाही राग नव्हता. राग असता तर तिला कळलं असतं. ती आनंदात उठली, तिनं ते विमान टीव्हीवर ठेवलं आणि त्याच्या खाली विणलेला रुमाल घातला.

ती परत गेल्यावर कुशाबा फाटक रंगवायला काढून बसला होता. दादाभाऊनं फळीवरचा डबा काढला आणि त्याला देऊन टाकला. "वाळून जाईल, त्यापरीस तुला व्हईल." त्या दिवसापासून कानस वाजली नाही. भुसा झाडायची कटकट गेली म्हणून गजराबाई आठवडाभर खुशीत होती. मग तिला करमेना. एके सकाळी ती स्वतः बांधावर गेली, पांगाऱ्याचा चांगला सरळ ओंडका डोक्यावर घेऊन आली आणि तिनं तो त्याच्यापुढं ठेवला.

दादाभाऊनं तो उचलला, हातात तोलून बघितला. "हलका हाय," म्हणाला. संध्याकाळी पाणी तापवताना त्यानं तो चुलीत घातला. गजराबाई तोंडाला पदर लावून आत गेली. पांगाऱ्याचा जाळ फार टिकत नाही, मित्रांनो. नुसता भरकन जळतो.

घोंगडी घडी करून ठेवली गेली. पाहुणे आता खुर्चीत बसून चहा घेऊ लागले आणि टीव्हीकडं बघू लागले. त्या प्लॅस्टिकवाल्याशी मी एकदोनदा बोलायचा प्रयत्न केला. त्याला मराठी येत नसावं, किंवा पोटात काही नसल्यामुळं बोलण्यासारखं त्याच्याकडं काही नसावं.

आणखी चार वर्षांनी, ऐन कांदा काढायच्या दिवसांत, दादाभाऊ गेला. बांधावर पांगाऱ्याखाली जरा टेकतो म्हणून आडवा झाला, तो उताणाच सापडला.

नंदा पोचली तोवर सावडणंसुद्धा झालं होतं. माणसं पांगल्यावर तिनं कपाटावरची घोंगडी काढली, माझ्याखाली अंथरली आणि लहानपणी निजायची तशी उताणी पडली. गजराबाई उंबऱ्याशी बसली होती.

"आई," नंदा म्हणाली, "येताना विमानाला उशीर होता. विमानतळावर वरच्या मजल्यावर काचेपाशी बसले होते. खाली बघितलं, तर विमानं उभी होती. अगदी पायाखाली. इतकी वर्षं तिथून येते-जाते गं, कधी वाकून बघितलंच नव्हतं."

"मग?"

"वर काहीच नसतं, आई. टप नसतो, शिडी नसते, चित्र नाही, काही नाही. नुसतं पांढरं असतं. कोरं."

गजराबाईनं वर माझ्याकडं बघितलं. "मग एवढंच सांगायला," ती म्हणाली, "तुला काय जड झालं व्हतं गं, नंदे?"

नंदानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मग ती उठली आणि तिनं फळीवर चाचपलं. "आई, तो पांढरा डबा?"

"कुशाबाच्या फाटकाला लागला कवाच."

दोघी दारात जाऊन उभ्या राहिल्या. समोर फाटक होतं. माझी पाठ तिथं उन्हापावसात अजून टिकून आहे. दिवसातून पुष्कळदा उघडते, मिटते आणि करकरते. माझ्या पाठीनं माझ्यापेक्षा जास्त हालचाल केली आहे.

नंदानं नवा रंग आणायचं ठरवलं होतं. पण दहाव्याचं, तेराव्याचं, आईच्या औषधांचं बघता बघता रजा संपली. मी तसाच कोरा राहिलो. म्हणजे, आता हिशोबानं बरोबर राहिलो.

मित्रांनो, आत्मवृत्ताच्या शेवटी बोध द्यावा लागतो. लाकूड जपा, रंग जपा, जुन्या वस्तू अडगळीत टाकू नका, हे सगळं तुम्हाला खुर्ची, छत्री आणि फळा यांनी आधीच सांगितलेलं असेल. माझं सांगणं तेवढं मोठं नाही. घरातलं कुणी म्हातारं माणूस तुम्हाला खुळचट वाटणारं काही बघून ये म्हणालं, तर त्या बदल्यात वस्तू आणू नका. बघा आणि सांगा. "काहीच नव्हतं" असं सांगावं लागलं तरी सांगा. दादाभाऊ त्या काहीच नसण्यावर पांढरा हात फिरवून सुखानं झोपला असता.

आणि जाता जाता एक बारीकशी विनंती. गेल्या उन्हाळ्यात एका कुंभारीण माशीनं माझ्या पाठीवर मातीचं घर केलंय, अगदी मधोमध, एसटीच्या टपावर बोचकं ठेवावं तसं. जळमटं काढायला कुणी स्टुलावर चढलात, तर तेवढं पाडू नका. आणि नंदाला सांगू नका, तिला पुन्हा उचकी लागेल.